आई विचारते, ‘किती तास?’

निशी-कसाईत राहायला आलो तेव्हा आईने फोनवर विचारले, “मुंबईहून किती लांब रे?” मी म्हटले, सुमारे ६,७०० किलोमीटर. तिचे समाधान झाले नाही. “ते राहू दे. यायला किती तास?”

खरा हिशोब तासांचाच. किलोमीटर काही बदललेले नाहीत.

३१ मे १८९३ रोजी स्वामी विवेकानंद बोटीने मुंबईहून निघाले. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत, वाटेतली शहरे बघत ते जपानला आले आणि १४ जुलैला योकोहामाहून अमेरिकेकडे गेले. म्हणजे जवळजवळ सहा आठवडे! योकोहामाच्या त्या बोटीवर जमशेटजी टाटाही होते. त्यांच्या डोक्यात कापूस होता. मुंबईहून जपानला जाणाऱ्या मालाचे भाडे पी. अँड ओ. आणि तिच्या जोडीदार कंपन्या ठरवत. ही मक्तेदारी मोडायला टाटांनी निप्पॉन युसेन कंपनीशी हातमिळवणी केली. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईकडे निघाली. प्रतिस्पर्ध्यांनी भाडी पाडली, टाटांना आपल्या बोटी थांबवाव्या लागल्या. पण निप्पॉन युसेनचा मार्ग टिकला.

१९५५ मध्ये एअर इंडियाचे पंख्याचे सुपर कॉन्स्टेलेशन विमान कोलकाता, बँकॉक, हाँगकाँगमार्गे टोकियोला येऊ लागले. आठवड्यांचा प्रवास तासांवर आला. २००७ मध्ये ऑल निप्पॉन एअरवेजने नारिता-मुंबई थेट सेवा सुरू केली.

थेट विमानाला मुंबईकडे जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, परतताना मात्र आठच्या आसपास. कारण उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने टोकियोजवळच्या तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून तो मोजला आणि १९२६ मध्ये एस्पेरांतो भाषेत अहवाल छापला. जगाने फारशी दखल घेतली नाही. आपल्याला मात्र दर खेपेला तो जाणवतो : घरी जाताना वारा समोरून, कामावर येताना पाठीशी!

हे सगळे गणित मला पाठ होते. मग एका रात्री साताऱ्याहून भावाचा फोन आला, “बाबांना अतिदक्षता विभागात ठेवलंय, लगेच नीघ.” थेट विमानात जागा नव्हती. बँकॉकमार्गे निघालो, १९५५ च्या प्रवाशांसारखा. तिथे सहा तास थांबलो, मग मुंबई, मग टॅक्सी. दारात पोहोचलो तेव्हा सव्वीस तास झाले होते. बाबा पहाटेच गेले होते. आई एवढेच म्हणाली, “दोनदा विचारलं त्यांनी, कुठवर आला म्हणून.”

विवेकानंदांच्या काळी असा निरोप मिळाल्यावर वेळेत पोहोचण्याची आशाच कोणी धरली नसती. आपल्याला ती आशा विमानाने दिली, आणि चुटपुटही.

आता आईने विचारले तर मी दहा तास सांगत नाही. निशी-कसाईच्या दारापासून साताऱ्याच्या दारापर्यंतचे सांगतो. आणि सवड मिळेल तेव्हा, काही कारण नसताना जाऊन येतो.