जिप्सीची झालर

लेहला असताना आमच्या जिप्सीच्या मडगार्डांवरचे फुटके फ्लेअर काढून टाकायला मी सांगितलं. साताऱ्याचे हवालदार म्हणाले, "साहेब, ही शोभेची झालर नाही." खरंच होतं.

१९८५ ची मूळ जिप्सी अरुंद. १९९३ मध्ये मारुतीने डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरने वाढवलं. पाय फाकले की गाडी वळणावर कमी कलते. पण चाकं मडगार्डांबाहेर आली, म्हणून ती झाकायला हे फ्लेअर आले. ते नसले की चाकाने उडवलेला खडा दाराखालच्या पत्र्यावर बसतो, टवका उडतो आणि तिथूनच गंज धरतो.

आम्ही आतली माती खरवडली, गंज घासला, प्रायमर मारला, मगच नवे फ्लेअर बसवले. त्यानंतर गाडीवरचं काहीही काढायला सांगण्याआधी मी विचारू लागलो, हे लावलं कशासाठी?