वैनगंगेच्या पूरमैदानातील मृदाभेद : महसुली दप्तर आणि मृदा-नकाशा (विशेष संदर्भ – गोंदिया जिल्हा)

प्रस्तावना :
गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे येथील जमिनीचा इतिहास भंडाऱ्याच्या बंदोबस्ताच्या दप्तरात शोधावा लागतो. मृदेच्या पोताचे, म्हणजे वाळू, पोयटा व चिकणमाती यांच्या प्रमाणाचे नकाशांकन ही आज प्रयोगशाळेची बाब मानली जाते. तथापि वैनगंगेच्या काठी शेतागणिक मृदाभेद नोंदविण्याचे काम एकोणिसाव्या शतकातच झाले. अर्थात ते शास्त्रासाठी नव्हे, साऱ्यासाठी झाले.

महसुली प्रतवारी :
मध्य प्रांतातील मालगुजारी बंदोबस्तात शेतकऱ्यांच्याच बोलीतील नावे सरकारी वर्ग म्हणून स्वीकारली गेली. काळी, चिकण कन्हार. तिच्याहून हलकी मोरंड. धानाला मानवणारी वाळूमिश्रित, पिवळसर सिहार. मुरमाड बरडी आणि नदीकाठची गाळाची कछार. पूर ओसरताना जड वाळू पात्रालगत राहते व बारीक कण दूरच्या खोलगट भागात साचतात. या नावांच्या मांडणीत नदीचा हा व्यवहार बराचसा उमटलेला आहे.

१८८० च्या दशकात बॅम्पफील्ड फुलर यांच्या पुढाकाराने प्रत्येक मृदावर्गास तुलनात्मक अंक देण्यात आला. क्षेत्रफळास या अंकाने गुणून 'मृदा-एकक' काढले जाई आणि त्यावर खंडाची आकारणी तपासली जाई. मातीच्या नावाला अशा रीतीने पैशाचे मोल आले. कोणते शेत कन्हार आणि कोणते मोरंड, हा प्रश्न मग कुळाच्या दृष्टीने केवळ नावाचा राहिला नाही.

कछारीची अडचण याहून मोठी होती. एका पुराने गाळ येतो, दुसऱ्या पुराने त्यावर वाळू पसरते. मृदावर्गाची नोंद मात्र बंदोबस्ताच्या वेळचीच राहते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुरासारख्या घटना पाहता ही विसंगती जुन्या काळापुरती म्हणता येत नाही.

आधुनिक नकाशा :
नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोने (स्थापना १९७६) महाराष्ट्राचा मृदा-नकाशा १:२,५०,००० या प्रमाणावर तयार केला. या प्रमाणावर २०० मीटर रुंदीचा कछारीचा पट्टा एक मिलिमीटरही भरत नाही. राज्याच्या नियोजनास तो नकाशा पुरेसा आहे. तिरोडा तालुक्यातील नदीकाठच्या एका गावासाठी जुना खसराच अधिक बोलका ठरतो.

परंतु खसऱ्यातील वर्ग म्हणजे पोत नव्हे. मोरंड या एका शब्दात रंग, चुनखडी आणि धारणशक्ती अशा अनेक गोष्टी मिसळल्या आहेत. तिला 'चिकण पोयट्याचा' प्रतिशब्द मानणे धाडसाचे होईल. खसऱ्यात कछार म्हणून नोंदलेल्या शेतांत आज वेगवेगळ्या खोलीवरील नमुने घेतले, तरच जुन्या गाळावर वाळूचा थर किती चढला, हे गट क्रमांकानुसार दाखविता येईल.