रिकाम्या खोल्यांचा हिशेब

मुंबईत जागा मिळत नाही, ही तक्रार काही आजची नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनीही ती केलेली आहे. पण याच मुंबईत, गिरणगावाच्या अगदी कडेला, सरकारने बांधलेल्या नव्याकोऱ्या हजारो खोल्या एकेकाळी भाडेकऱ्यांवाचून कुलूपबंद पडल्या होत्या, असे कोणी सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का? माझाही बसला नव्हता. माझे मामा वरळीच्या बी. डी. डी. चाळीत राहत. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे तिथे जात असू. एकशेसाठ चौरस फुटांच्या त्या खोलीत आम्ही नऊ-दहा जण ओळीने झोपत असू, आणि मधल्या लांब बोळातही अंथरुणे पडत. पुढे इतिहास शिकवू लागलो, जुने अहवाल चाळू लागलो, तेव्हा या चाळींचे पहिले दिवस कसे गेले ते कळले. मला वाटते, सरकारने गरिबांसाठी घरे बांधावीत की नाही या वादात पडण्यापूर्वी ही हकिगत आपण सर्वांनी माहीत करून घ्यावी.

सुरुवात प्लेगपासून करायला हवी. १८९६ साली मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि बघता बघता अर्धे शहर गावोगाव पळाले. रोगाचे मूळ कोंदट वस्तीत आहे, असे त्या वेळच्या राज्यकर्त्यांचे मत. म्हणून १८९८ साली कायदा होऊन बाँबे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँढर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले, काही चाळीही बांधल्या. ट्रस्टचे एक अध्यक्ष, जे. पी. ऑर, यांचा उजेडाच्या कोनावर फार भर असे. खिडकीत साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनातून उजेड आला पाहिजे, असा त्यांचा नियम. सोप्या भाषेत सांगायचे तर समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे हवे. नियम चांगला होता. पण ज्यांची खोली पाडली ते लोक कुठे गेले? शेजारच्या गल्लीत, म्हणजे आणखी गर्दीत. ट्रस्टच्या चाळींचे मोल मात्र कमी लेखू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या ट्रस्ट चाळीत वीस-बावीस वर्षे राहिले, आणि त्यांचे कितीतरी सार्वजनिक काम त्या दोन खोल्यांतून उभे राहिले.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा गिरण्यांना बरकत होती आणि मजुरांचे हाल होते. १९११ च्या खानेसुमारीनुसार शहरातली दहांपैकी सात माणसे एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. अशा वेळी गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली मोठा बेत जाहीर केला. बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे नवे खाते निघाले, बी. डी. डी. ती हीच अक्षरे. बेत असा: आठ वर्षांत ६२५ चाळी, ५०,००० खोल्या, खर्च सुमारे साडेपाच कोटी. पैसा कोठून? साडेसहा टक्के व्याजाचे विकास-कर्ज काढायचे आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसवायचा. कापसावर श्रीमंत झालेल्या शहराने कापसाच्या मजुराला घर द्यावे, यात न्याय होता, हे मान्य केले पाहिजे. याच खात्याने बॅकबेचा समुद्र भरून काढण्याचेही काम घेतले. त्यात खर्चाचा जो घोळ झाला तो खुर्शीद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, आणि गंमत अशी की त्याच परिसरात पुढे भर घालून झालेल्या जमिनीला आज नरिमन पॉइंट म्हणतात. पण तो विषय निराळा.

चाळी मात्र भराभर उभ्या राहिल्या. सिमेंट-काँक्रीटच्या, तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, संडास सामाईक. वरळीत १२१ चाळी, नायगावात ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. एकूण २०७. म्हणजे ६२५ चा बेत एकतृतीयांशावर थांबला. का थांबला? कारण बांधलेल्या खोल्याच भरेनात! एकट्या वरळीत साडेनऊ हजारांहून अधिक खोल्या, आणि त्यांतल्या हजारो विसाव्या दशकाच्या अखेरीपर्यंत रिकाम्या. भाडे खर्चाच्या हिशेबाने येईल त्यापेक्षा बरेच कमी ठेवले होते, वरळीचे तर सर्वांत कमी. तरी कोणी येईना. दरसालची तूट सरकारी तिजोरीतून भरावी लागे.

त्या वेळच्या काही साहेबांनी याचे उत्तर सोपे काढले: या लोकांना घाणीतच राहायची सवय आहे. हे उत्तर मला पटत नाही, आणि थोडा विचार केलात तर तुम्हालाही पटणार नाही. गिरणी कामगाराचा दिवस डोळ्यांपुढे आणा. भोंगा पहाटे. पगार महिन्याचा, आणि तोही पुढच्या महिन्याचे आठ-दहा दिवस उलटल्यावर हातात पडायचा. तोवर चूल कशावर पेटणार? ओळखीच्या वाण्याच्या उधारीवर. एकटा असेल तर खानावळवालीच्या भरवशावर. आजारी पडला तर गाववाल्यांच्या गाळ्यावर. ही सगळी माणसे परळ-लालबागच्या गल्ल्यांत होती. वरळीच्या माळावर कोण होते? तिथे ना बाजार, ना दवाखाना, ना रात्रीच्या वाटेवर पुरेसा दिवा. मुंबईत बस सुरू झाली १९२६ साली, आणि तीही अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. काँक्रीटच्या खोल्या उन्हाळ्यात तापत, त्या वेगळ्याच. १९२८ साली गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला, तेव्हा तर भाड्याचे नावच नको. महिन्याचे दोन रुपये वाचवण्यासाठी वाणी सोडायचा, हा सौदा कामगाराने केला नाही. त्याला हिशेब कळत होता.

खरा प्रश्न असा, की माळावर दिवा-बाजार-दवाखाना का नव्हता? खोली बांधणारे खाते प्रांतिक सरकारचे. पाणी, झाडलोट, दिवाबत्ती, दवाखाना हे काम म्युनिसिपालिटीचे. दोघांचे अंदाजपत्रक वेगळे, साहेब वेगळे. पहिल्याच्या हिशेबात खोली बांधून झाली की काम झाले. दुसऱ्याला वाटे, ज्यांनी चाळी बांधल्या त्यांनीच पुढचे बघावे. आणि ज्याच्यासाठी हे सगळे, त्याला विचारायचे कोणी? १९२२ साली म्युनिसिपल मताधिकार वाढला, पण तो महिना १० रुपये भाडे देणाऱ्यापर्यंत. त्याहून कमी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला त्या जोरावर मत नव्हते. रस्त्यावर दिवा नाही म्हणून तो कोणाची खुर्ची हलवणार होता?

हा दोष काळाचा होता, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. बरोबर त्याच वर्षांत व्हिएन्ना शहर दुसऱ्या रीतीने चालले होते. युद्धात हरलेले, साम्राज्य गमावलेले शहर. पण तिथे सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मत होते आणि कर बसवण्याचा अधिकार नगरपालिकेच्या हाती होता. १९२३ साली तिने घरबांधणी कर बसवला, तोही चढत्या दराने: लहान बिऱ्हाडाला किरकोळ, हवेलीवाल्याला भरभक्कम. कर्ज नाही, त्यामुळे भाड्यातून व्याज वसूल करण्याची गरज नाही. १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरे झाली. त्यांतली कार्ल मार्क्स-होफ ही इमारत किलोमीटरभर लांब, १,३८२ घरांची. पण मला लांबीचे कौतुक नाही. त्या एका आवारात धुलाईघरे, स्नानगृहे, बालवाड्या, वाचनालय, दातांचा दवाखाना, औषधांचे दुकान, पोस्ट, सारे आराखड्यातच धरले होते. घरात पाणी, घरात संडास. कसलं वरळी आणि कसलं व्हिएन्ना, असे तुम्ही म्हणाल. तिथला कामगार निराळा, हवा निराळी, हे खरे. आणि तिथलेही सगळे गोड झाले नाही. फेब्रुवारी १९३४ च्या यादवीत सरकारी सैन्याने याच इमारतीवर तोफा डागल्या. तरी घरे रिकामी मात्र कधी राहिली नाहीत.

आपल्या रिकाम्या खोल्यांना अखेर एक गिऱ्हाईक मिळाले. १९३० च्या सविनय कायदेभंगात तुरुंग अपुरे पडले, तेव्हा सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला! मजुरासाठी बांधलेल्या खोलीत सत्याग्रही कोंडले गेले. इमारतीत फारसा बदल करावा लागला नसेल, असे आपले माझे मत.

मग दुसरे महायुद्ध आले, नोकरीसाठी माणसांचे लोंढे आले, आणि खोल्या भरल्या. तोवर आसपास शहरही आले होते: बस आली, बाजार भरू लागला, शाळा निघाल्या. जांबोरी मैदानावर सभा, कबड्डी, गणपती. जे अंदाजपत्रकात कोणी धरले नव्हते ते लोकांनी आणि काळाने हळूहळू जमवले. त्याला वीस वर्षे लागली.

आता या चाळी जात आहेत. म्हाडाने पुनर्विकास हाती घेतला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली मनोऱ्यांतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या जागी ५०० फूट, मालकीचे, फुकट. आनंदाचीच गोष्ट आहे. मामा आता नाहीत. मामीला शेजारणीने नव्या घराचा फोटो दाखवला, तेव्हा तिने खोल्या किती ते विचारले नाही. ती म्हणाली, "लिफ्टचं आणि पाणी वर चढवायचं बिल महिन्याला किती येईल, आणि ते कोण भरणार?" शेजारणीला सांगता आले नाही. मामीने तोच प्रश्न मला विचारला. मी तो वहीत उतरवून ठेवला आहे.