शासकीय अत्याचारांची भरपाई : चिलीचा अनुभव

शासनानेच आपल्या नागरिकांवर अत्याचार केले असतील, तर पुढे सत्तेवर येणाऱ्या शासनाने त्यांची भरपाई कशी करावी? दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल ऑगुस्तो पिनोशे यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने सत्ता बळकावली. १९९० पर्यंतच्या या राजवटीत अनेकांना ठार मारण्यात आले वा बेपत्ता करण्यात आले. त्याहून कितीतरी अधिक लोकांचा छळ झाला. १९७६ साली सांतियागोचे महागुरुस्वामी कार्डिनल राऊल सिल्वा हेन्रीकेझ यांनी पीडितांच्या साहाय्यासाठी महाधर्मप्रांताचा एकात्मता विभाग स्थापन केला. तेथील वकिलांनी अटक झालेल्यांसाठी न्यायालयात अर्ज केले आणि प्रत्येक प्रकरणाची नोंद जपून ठेवली.

लोकशाही परतल्यावर राष्ट्राध्यक्ष पात्रिसिओ आयल्विन यांनी १९९० मध्ये राऊल रेटिग यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन आयोग नेमला. ख्रिस्तसभेने जपलेल्या नोंदी आयोगास मोलाच्या ठरल्या. आयोगाने २,२७९ व्यक्तींच्या मृत्यूची वा बेपत्ता होण्याची प्रकरणे मान्य केली. मार्च १९९१ मध्ये आयल्विन यांनी दूरचित्रवाणीवरून पीडितांच्या कुटुंबियांची क्षमा मागितली. पुढे १९९२ च्या कायद्यान्वये या कुटुंबियांना दरमहा पेन्शन, आरोग्यसेवा व मुलांसाठी शैक्षणिक साहाय्य मिळू लागले.

छळातून वाचलेल्यांना मात्र अधिक काळ थांबावे लागले. त्यांच्यासाठी २००३ मध्ये बिशप सेर्खिओ वालेच यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग नेमण्यात आला. त्याने २००५ पर्यंत २८ हजारांहून अधिक व्यक्तींना राजकीय कैद व छळाचे बळी म्हणून मान्यता दिली. त्यांनाही कायद्याने पेन्शन मंजूर झाली.

तथापि पैशाने सर्व भरपाई होत नाही. लष्करी राजवटीने १९७८ मध्ये काढलेल्या माफीच्या हुकुमामुळे अनेक गुन्हेगारांना दीर्घकाळ संरक्षण मिळाले. एक हजारांहून अधिक बेपत्ता व्यक्तींचे अवशेष अद्याप सापडलेले नाहीत. इतकी वर्षे हा शोध प्रामुख्याने कुटुंबियांनीच चालविला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये शासनाने राष्ट्रीय शोध योजना जाहीर करून ही जबाबदारी आपली असल्याचे मान्य केले.

सत्याची नोंद, जाहीर क्षमायाचना, आर्थिक साहाय्य, न्याय आणि बेपत्तांचा शोध ही खऱ्या भरपाईची अंगे होत. यांतील एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. आपल्या माणसाला मूठमाती देण्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही भरपाई आजही अपुरीच आहे.