टिचबटणाचे वंशज

टिचबटण दाबलं की बारीकसा आवाज होतो. तो आवाज म्हणजे पावती : बसलं. ब्लाऊजवरची ही एवढीशी चकती आणि टीव्हीच्या रिमोटचं मागचं झाकण, दोघांचं घराणं एकच. एक भाग जरासा वाकतो, दुसऱ्यावरून घसरतो, पुन्हा सरळ होतो आणि अडकतो. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे : खटका.

१८८५ साली हेरिबर्ट बाउअर या जर्मन माणसाने अशा बटणाचं पेटंट घेतलं. १९०३मध्ये हान्स प्रिमने त्यात स्प्रिंग घातली आणि पकड पक्की झाली. तिकडे फ्रान्समध्ये, हातमोज्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्रेनोबल शहरात, रेमाँ यांच्या कारखान्याने १८८६मध्ये आपलं दाबबटण आणलं. (आपल्या ठाण्याच्या कापडवाल्या रेमंडशी यांचं नातं नाही.) हातमोज्यांची फॅशन ओसरली, खटका टिकला. तीच कंपनी आज मोटारींसाठी क्लिपा बनवते. तिचा एक कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे.

कारखान्यांना खटका आवडतो, कारण स्क्रूचा खर्च आणि पिळण्याचा वेळ, दोन्ही वाचतात. प्लास्टिकच्या साच्यातच आकडा तयार होतो. मात्र तो निवडावा लागतो डोकं वापरून. आकड्याची पट्टी आखूड ठेवली तर ती मुळाशी तुटते. तीच दुप्पट लांब केली, तर तेवढ्याच वाकण्यात तिच्यावरचा ताण चौथाईवर येतो. मुळाशी धारदार कोपरा न ठेवता गोलाई द्यायची, नाहीतर तडा तिथूनच जातो. आकडा फार घट्ट झाला, तर तो दिवसभर दाबणाऱ्या कामगाराचा अंगठा सुजतो.

जागाही बघावी लागते. मनोरीसारख्या खाडीकाठी खाऱ्या हवेने लोखंडी स्क्रू गंजून बसतो. प्लास्टिकला गंजाची भीती नाही, पण सतत उन्हात ते ठिसूळ होतं.

सगळ्यात मोठा निर्णय आकड्याच्या पाठीचा. तिला उतार दिला तर झाकण ओढून पुन्हा उघडता येतं. काटकोन दिला तर एकदा लागलं ते लागलंच. उघडायला गेलात तर तुटणार. पूर्वीच्या मोबाइलचं मागचं झाकण नखाने निघायचं आणि बॅटरी घरीच बदलता यायची. पुढे झाकणं चिकटवली गेली, आणि बॅटरी थकली की फोनच टाकायची सवय लागली. युरोपीय संघाने २०२३मध्ये कायदा केला : फेब्रुवारी २०२७पासून, काही अपवाद सोडून, अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे.

एका कोनाचा प्रश्न आहे. पण वस्तू विकत घेतल्यावर ती उघडण्याचा हक्क कुणाचा, हे तोच ठरवतो.