एकच चूक, तीन क्रमांक

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एकच क्रमांक चुकून दोन मुलांना दिला, तर ती चूक कदाचित दाखला देतानाच उघडकीस येते. संगणकावरील डेटाबेसला ‘क्रमांक दुबार नको’ असे आधीच सांगून ठेवले, तर तो अशी नोंद तिथल्या तिथे नाकारतो आणि चुकीचा संकेतांक दाखवतो. ओरॅकलमध्ये हा संकेतांक १, आयबीएमच्या डीबी२मध्ये उणे ८०३, तर मायएसक्यूएलमध्ये १०६२!

असे का? एसक्यूएल भाषेच्या १९८६च्या प्रमाणात एवढेच ठरले होते : शून्य म्हणजे काम झाले, १०० म्हणजे नोंद सापडली नाही, ऋण संख्या म्हणजे चूक. कोणत्या चुकीला कोणती संख्या, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. १९९२च्या प्रमाणात पाच अक्षरी संकेत आला. त्याची पहिली दोन अक्षरे चुकीचा वर्ग सांगतात. वरील तिन्ही चुका ‘२३’ या एकाच वर्गातल्या.

संकेतांकाचा अर्थ सांगणारी छोटी साधनेही आली. मायएसक्यूएलचे ‘पीएरर’ नुसता संदेश देते. युनिक्सवर ‘ओईआरआर ओरा १’ अशी आज्ञा दिली, की ओरॅकलचे साधन मजकुराच्या एका साध्या फाइलीतून संदेश शोधून त्याखाली कारण आणि उपायही दाखवी. उपाय दोन होते : दुबार क्रमांकावरील बंदी उठवा, किंवा ती नोंद करू नका.

प्रयोगशाळेत नमुन्यांची नोंद करताना आम्ही एकदा घाईने बंदी उठवली. मग कोणते मोजमाप कोणत्या नमुन्याचे, हेच कळेना. सगळी मोजमापे पुन्हा घ्यावी लागली. साधनाने कारण अचूक सांगितले होते. उपाय निवडताना विचार करायचा राहिला, तो आमचा.