टीएमएओ आणि कोलेस्टेरॉल

टीएमएओ (ट्रायमेथिलअमाइन-एन-ऑक्साइड) हे आतड्यातले जिवाणू आणि यकृत यांनी मिळून तयार केलेले, रक्तात सापडणारे संयुग. अंड्याच्या बलकातले कोलीन आणि मटणातले कार्निटीन हा त्याचा कच्चा माल. जिवाणू त्यातून ट्रायमेथिलअमाइन बनवतात. शिळ्या मासळीचा वास मुख्यतः याचाच. यकृतातील विकर त्याला ऑक्सिजन जोडते आणि टीएमएओ तयार होते. समुद्री मासळीत मात्र ते आयतेच असते.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमधील स्टॅनली हेझन यांच्या गटाने २०११ साली त्याचा धमनीविकाराशी संबंध दाखवला. २०१३ साली त्याच गटाने ४,००७ रुग्णांचा तीन वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. रक्तात टीएमएओ सर्वाधिक असलेल्या चौथाई रुग्णांना झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका सर्वांत कमी असलेल्यांच्या अडीच पट होता.

टीएमएओ वाढले म्हणजे कोलेस्टेरॉलचा आकडा वाढलाच, असे नाही. उंदरांमध्ये ते धमनीच्या भिंतीतले कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेण्याची क्रिया मंदावते, पित्ताम्लांची निर्मितीही घटवते. आणि पित्त हीच कोलेस्टेरॉल शरीराबाहेर जाण्याची मुख्य वाट.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांमुळे या विषयात नाशिककरांना रस वाटावा. २०१५ साली हेझन यांच्याच गटाने डीएमबी हे जिवाणूंचे काम रोखणारे द्रव्य उंदरांना दिले. द्राक्षबियांचे तेल, रेड वाइन, बाल्सॅमिक व्हिनेगर यांत ते आढळते. उंदरांचे टीएमएओ घटले, धमनीविकारही कमी झाला; रक्तातले कोलेस्टेरॉल मात्र जिथल्या तिथे राहिले!

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०२१ साली १९ निरोगी व्यक्तींना चार आठवडे रोज ४६ ग्रॅम द्राक्षपूड दिली. एकूण कोलेस्टेरॉल ६.१ टक्के उतरले, आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली. पण 'चांगले' एचडीएलही ७.६ टक्क्यांनी घसरले, हे जाहिरातवाले सहसा सांगत नाहीत. तुलनेसाठी वेगळा गटही नव्हता. एवढ्यावर गंगापूर धरणाकाठची वाइन औषध ठरवणे म्हणजे निव्वळ हौस.

टीएमएओच्या आकड्याचा अर्थ लावतानाही सावधगिरी हवी. मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तर ते रक्तात साचते, आणि बोंबील-सुरमई खाल्ल्यावर काही तास चढलेले दिसते. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते मोजले जात नाही. कोलेस्टेरॉलवरचे उपचार आजही प्रामुख्याने 'वाईट' एलडीएल पाहूनच ठरतात.